पहिल्यांदा पातच लावा

घरी कुंडीत कांदा-लसूण लावायचा असेल तर तुम्ही थेट मोठ्या कांद्यापासून सुरुवात करू नका. त्याला रोप, पुनर्लागण आणि चार महिन्यांचा धीर लागतो. घरात कोंब फुटलेले कांदे असतीलच, तेच कुंडीत मानेपर्यंत पुरा. दोन-तीन आठवड्यांत झुणक्यापुरती पात निघते. कापताना खाली दोन बोटं ठेवा, म्हणजे परत फुटते.

खरा आनंद लसणाचा. पण कोल्हापूरच्या पावसात लावायची घाई नको. आमच्या परड्यात काळी माती. एका जुलैत मी हौसेनं लावला आणि पंधरा दिवसांत पाकळ्या बोटानं दाबल्या तर पचकन फुटायच्या, वास तर विचारू नका. फार वाईट वाटलं होतं. आता दसरा झाला की लावते. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून गावरान गड्डा आणायचा, बाहेरच्या जाड पाकळ्या निवडायच्या, साल काढायची नाही. शेंडा वर ठेवून पेरभर खोल, चार-चार बोटांवर टोचायच्या. मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर घाला, कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते बघा. पाणी माती वरून सुकल्यावरच.

चार-साडेचार महिन्यांनी पात पिवळी पडून माना टाकते. त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडा, नाहीतर गड्डे टिकत नाहीत. उपटल्यावर धुऊ नका. पातीसकट जुडी बांधून सावलीत टांगा.

आणि हो, मधल्या काळात लसणाची थोडी कोवळी पात खुडून खर्ड्यात नक्की घाला.