पाण्याच्या दिवशी पूर्व भागात जा

सोलापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ या कादंबरीवरचा तुझा लेख दोनदा वाचला. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे कथानक 2024 मध्ये सुरू होते, म्हणून लेखिकेची कोणती भाकिते खरी ठरली याचा हिशेब तू मांडला आहेस. तो मनापासून केलेला आहे, पण त्यात लेखिकेचे कौतुक होते आणि आपण मात्र सुटतो. कादंबरीत पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे, एवढे लिहून तू पुढे गेलीस. मी तुझ्या जागी असतो तर तिथेच थांबलो असतो.

आपल्या पूर्व भागात पाणी येण्याच्या दिवशी एकदा जाऊन बस. विडी वळणाऱ्या बाईचे हात बघ: भिजवलेले तेंदूपान ओल्या फडक्यातून काढायचे, कातरायचे, तंबाखू भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे नळासमोर गेलेला वेळ तिच्या हजारातून वजा होतो, आणि मे महिन्यात पत्र्याखाली पान लवकर सुकून तडकू लागले की आणखी वजा होतो. उजनी धरणाचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून शहरात येते. बंगल्यातल्या टाकीला त्याच्या वेळेची फिकीर नसते, या बाईला मात्र त्या वेळेवर दिवस बेतावा लागतो. हवामानबदल आणि सामाजिक अन्याय असे दोन वेगळे परिच्छेद तू केले आहेस. त्या बाईच्या ओसरीवर ते वेगळे करता येतात का, ते पाहा.

लेखाचा शेवट तू निराशेवर केला आहेस. तुझे वय पाहता मला त्याचे दुःख झाले, पण कादंबरीचाही त्याला आधार नाही. कादंबरीची नायिका लॉरेन पंधरा वर्षांची आहे. ती रानातल्या वनस्पतींची पुस्तके वाचते, निसटण्यासाठी पिशवी भरून ठेवते, आणि मैत्रिणीला घाबरवून सोडल्यावर वडील तिला सांगतात की लोकांना भिवविण्यापेक्षा शिकविणे बरे. हा प्रसंग तुझ्या लेखात कुठेच नाही, तो अवश्य घे.

त्या बाईला प्रश्न विचारण्याआधी तिच्या दोन घागरी भरून दे. नवा खर्डा झाला की घेऊन ये, आपण समोरासमोर बसून वाचू.

तुझे,
सर