तरुण फुटबॉलपटूचा खेळ चांगला चाललाय, मग पोरगा रात्री पार्टी करतो याची क्लबला एवढी काळजी का?

कारण खेळ बिघडलेला दिसतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी बिघडते झोप. मोठ्या क्लबला कित्येकदा तीन-चार दिवसांनी पुढची मॅच असते. थकलेले स्नायू भरून यायचे ते याच मधल्या रात्रींत. जागरण आणि दारू दोन्ही त्याच्या आड येतात.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या मैदानावर रविवारी सकाळी मुलांना खेळवतो. शनिवारी कोरेगाव पार्कात रात्र काढून आलेला मुलगा पहिली दहा मिनिटं झकास पळतो. मग कुठल्यातरी स्प्रिंटला मध्येच थांबतो आणि हात मांडीच्या मागे जातो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू दुखावला! पुढचे तीन आठवडे बाकावर. फार वाईट वाटतं हो, कारण पोरं खरंच गुणी असतात.

बार्सिलोनाचा ब्राझिलियन स्टार रोनाल्डिन्होचंच बघा. २००५ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याचा. पुढे त्याच्या फिटनेसची आणि नाइटलाइफचीच चर्चा जास्त व्हायला लागली. २००८ मध्ये ग्वार्डिओला बार्सिलोनाचा कोच झाला आणि त्याच उन्हाळ्यात क्लबनं रोनाल्डिन्होला इटलीतल्या एसी मिलान क्लबला विकलं. वय फक्त २८. त्याची १० नंबरची जर्सी गेली २१ वर्षांच्या मेस्सीकडे. ड्रेसिंग रूममधली लहान पोरं मोठ्या स्टारकडे बघून शिकतात, ही क्लबची दुसरी धास्ती. माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी.

असा एखादा तरुण खेळाडू वाढदिवसाला नाचला म्हणून कुणी ओरडू नये. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर असतं ते. मॅचच्या आदल्या रात्री कुठे होता, एवढंच विचारावं.