उन्हाळ्यात मधेच पाऊस, मधेच कडक ऊन, घरच्या झाडांची पानं वाकडी होऊन राहिली, काय करावं?

तुम्ही लिहिलं की मिरची अन् जास्वंदाची पानं एप्रिलपासून मुरडून राहिली, मधे अवकाळी पाऊस पडला तं दोन दिवस बरं वाटलं अन् मग अजूनच बिघडलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला, खेड्यात राहतो, घरामागं सांदवाडी आहे, त्यात मिरची, वांगे, भेदरं (टमाटे), सांबार (कोथिंबीर), गोडनिंब (कढीपत्ता) एवढंच. त्यावरून सांगतो.

पहिले ऊन का कीड ते ओळखा. दुपारी दोनला झाड मान टाकते ते पाहून बकेटभर पाणी ओतू नका, मी तेच करायचो. आमची काळी माती वरून भेगाळलेली दिसते अन् दोन बोटं खाली चांगली ओल असते, रोज दुपारी पाणी देऊन देऊन मी वांग्याच्या चार झाडांची मुळं सडवली. माय ओरडत होती, "अरे ऊन लागलं त्याले, सांजच्यानं उठते ते." उठायचंच. संध्याकाळीही नाही उठलं तर मग पाणी द्या. अन् मे महिन्यात भेदराची फुलं गळतात तो रोग नाही, दिवस 35 च्या वर अन् रात्रही गरम असली की फळ धरतच नाही, त्याच्यासाठी टॉनिकवर पैसे घालवू नका.

आता कीड. कोरडं ऊन तपलं की लाल कोळी येतो. पानावर बारीक फिक्कट ठिपके, जसं काही धूळ बसली. खाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारा, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके कागदावर चालायला लागले की तोच. या उन्हात आठवड्यात त्याची पुढची पिढी तयार होते, म्हणून आज चार पानांवर दिसतो अन् पाहता पाहता पूर्ण झाडावर जाळी. मिरचीचं पान वर वळून होडीसारखं झालं तं फुलकिडे, खाली वळलं तं पिवळा कोळी, आमच्याकडे दोन्हीला चुरडामुरडाच म्हणतात अन् दुकानातून एकच बाटली आणतात, तिथंच चुकते.

तुमचं पावसानं बरं वाटलं ते कोळी धुऊन गेला म्हणून. पण पावसानंतर लुसलुशीत कोंब फुटतात, ढगाळ हवेत मावा त्यांच्यावरच बसतो, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, अन् चार दिवसांनी पारा परत 43-44 वर गेला की तेच कोवळे कोंब करपतात. एकाच झाडावर तीन भानगडी, एका औषधानं कशा जातील?

मी पश्चिमेकडून तुराट्या रोवून जुनं लुगडं बांधतो (वावधन म्हणजे वादळी वारा आला की धावत जाऊन सोडावं लागते, नाही तं तुराट्यासकट शेजाऱ्याच्या कवेलूच्या छपरावर), बुडाशी सोयाबीनचं कुटार (भुसा) टाकतो, सकाळी पानाच्या खालून पाण्याचा जोरात फवारा. तरी नाही गेलं तं निंबोळी अर्क, लिटरला 50 ग्रॅम भरड रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, थोडा साबण, अन् संध्याकाळीच मारायचं कारण उन्हात त्याचा असर लवकर जातो. आठवड्यानं परत. गंधक एवढ्या उन्हात मारूच नका, मी दोडक्यावर मारलं तं दुसऱ्या दिवशी पानं पापडासारखी.

वावरातलं उरलेलं कपाशीचं औषध तर बिलकुल नाही. 2017 ला आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, अन् इथं तर तीच मिरची तोडून भाजीत टाकायची आहे. वरून कोळ्याला खाणारे किडेही त्यानं मरतात अन् कोळी दुप्पट जोमानं येतो.

जास्वंदाच्या शेंड्याशी कापसासारखं पांढरं दिसते का अन् खोडावर मुंगळ्यांची रांग आहे का ते पाहा. असेल तर तो पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासून काढा अन् मुंगळ्यांची वाट बंद करा, तेच त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मिरचीच्या पानाचा खालच्या बाजूचा फोटो टाका, मग फुलकिडे का कोळी ते सांगतो.