अंजनेरीचं कंदीलफूल की सिंहपुच्छ माकड, जास्त धोक्यात कोण?

प्रश्न: मी नाशिकच्या सातपूरला राहतो. रविवारी जवळचा अंजनेरी डोंगर चढताना एक जण म्हणाला की इथलं एक फूल सिंहपुच्छ माकडापेक्षा जास्त धोक्यात आहे. फुलाची नि माकडाची तुलना होते का? आणि ते माकड अंजनेरीवर कुठं दिसतं?

उत्तर: माकडाचं आधी सांगतो, अंजनेरीवर ते दिसणारच नाही. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून आपण जातो आणि पायऱ्यांवर जी हातातला बिस्किटाचा पुडा ओढतात ती वेगळी. सिंहपुच्छ म्हणजे काळंकुळीत, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा, आणि राहणार फक्त केरळ, कर्नाटक, तमिळनाडूच्या सदाहरित जंगलात, तेही बहुतेक वेळ झाडांच्या शेंड्यांवर. मधे चहाचे मळे आले की जंगलाचे तुकडे पडतात नि टोळ्या अडकतात, त्यात मादीला एका वेळी एकच पिल्लू, पुढचं व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात, म्हणजे संख्या घटली की भरून यायला पिढ्या लागतात.

आता फूल. ती अंजनेरीची खरचुडी, म्हणजे कंदीलफुलाचीच एक जात, शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नवी म्हणून नोंदवली आणि नावच अंजनेरीवरून ठेवलं. पावसाळ्यात उगवते, फुलते, मग वरचं सगळं वाळतं नि जमिनीत कंद झोपून राहतो. गंमत फुलाच्या नळीत आहे, बारीक माशी आत शिरते, आतले केस खालच्या बाजूला वळलेले म्हणून तिला बाहेर येता येत नाही, केस सुकले की सुटते, अंगावर पराग घेऊन. (एवढी खटपट कोण करतं सांगा.)

तुलना होते. किती उरलेत, किती जागेत आहेत, किती वेगानं घटतायत हे दोघांनाही विचारता येतं. बियांपासून रोप होतं म्हणून वाटतं फुलाचं सोपं आहे, पण माकडाला तीन राज्यं आहेत नि हिला एक डोंगर आणि आसपास. एक रस्ता चुकीच्या जागी गेला की संपलं. त्यामुळे माझ्या मते तो माणूस बरोबर बोलला. कायद्यातही झाडं मागेच राहिली, वन्यजीव कायदा १९७२ चा, झाडांचं प्रकरण त्यात आलं १९९१ ला, तेही तेव्हा वनस्पतींच्या मोजून सहा नोंदींसाठी. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला ते बरं झालं, तरी रस्ता नि रोपवेचे विषय अधूनमधून निघतातच.

श्रावणात गेलात तर पठारावर पायवाट सोडू नका. फूल दिसलंच तर फोटो काढा, पण टाकताना नेमकी जागा लिहू नका, कंद उपटणारेही फोटो बघतात.