फिक्स्ड गिअरसाठी फ्रीव्हीललाच वेल्डिंग मारून चालेल का? आणि ४६/१६ घ्यावं की ४८/१७?

नाही. वेल्डिंग मारून घेऊ नका. फिक्स्ड गिअर, म्हणजे फिक्सी, यात मागचं चाक फिरतं तोवर पेडलही फिरतं. रेशोचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चक्राच्या दातांच्या प्रमाणाचं, पुढे सांगतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की जुन्या दहा गिअरच्या स्टील सायकलचा हब बदलायची गरज नाही, मेकॅनिक आहे त्याच फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून देतोय. ते आधी निकालात काढायला हवं.

फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरू देणारं मागचं दातेरी चक्र, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सुलट्या आट्यांनी बसतं. पुढे पेडल मारू तसं ते आणखी घट्ट होत जातं, म्हणून त्याला बाहेरून अडवणारं काही लागत नाही. वेल्डिंगने आतले खटके बांधले की फ्रीव्हीलचं बाहेरचं कडं आणि आतला भाग एक होतो, एवढंच. हबवरच्या आट्यांना काहीच झालेलं नसतं. पायाने मागे जोर दिला की अख्खं फ्रीव्हील नटासारखं उलगडायला लागतं. म्हणजे वेल्डिंग चुकीच्या जागी झालं. वर त्या उष्णतेने दातांचं पाणी उतरतं ते वेगळंच. काही जण फ्रीव्हील थेट हबला वेल्ड करतात. हब स्टीलचा असेल तर ते टिकतंही, पण बेअरिंगची वाटी वेडीवाकडी होण्याची भीती असते आणि दात झिजले की चाकच भंगारात. ॲल्युमिनियमच्या हबला तर स्टीलचं फ्रीव्हील वेल्ड होतच नाही.

यावर जो दुसरा उपाय सांगितला जातो, तो जास्त घातक आहे, कारण तो बघायला अगदी बरोबर दिसतो. साध्या फ्रीव्हील हबचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. फिक्स्ड कॉगचे, म्हणजे खटके नसलेल्या मागच्या दातेरी चक्राचे, आटेही तेच. आणि इंग्लिश बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्यांचा एक्सल जिथे फिरतो त्या भागाच्या) डाव्या कपावर जी रिंग बसते तिचेही तेच. म्हणून कॉग लावायचा, वरून ती रिंग आवळायची आणि झाली फिक्सी, असं सांगतात.

असाच एक हब आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. ॲल्युमिनियमचा, मागच्या चाकाचा. आट्यांच्या सहा-सात वेढ्यांपैकी बाहेरचे तीन शाबूत आहेत, कारण तिथे रिंग होती. आतल्या बाजूला, जिथे कॉग बसला होता, तिथे आटेच नाहीत. गुळगुळीत पट्टा आहे आणि त्यावर करड्या रंगाचा चकाकता लगदा: ग्रीस आणि ॲल्युमिनियमचा किस. बोटावर घेऊन चोळला की वाळूसारखा लागतो. हे एका दिवसात झालेलं नाही. सुरुवातीला मागे जोर दिला की एक बारीक ‘खट्’ यायचा आणि पेडल केसभर सैल वाटायचं. चालवणाऱ्याला ते चेनचं ढिलेपण वाटलं, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणली. आवाज राहिलाच. मग रिंग पुन्हा आवळली, त्यावर आटे पक्के करायचा चिकटद्रव लावला. त्याने दोन आठवडे आवाज थांबला आणि तेच दोन आठवडे फसवे ठरले. कॉग आत पुढे-मागे सरकतच होता. प्रत्येक ‘खट्’ला स्टीलचा कॉग मऊ ॲल्युमिनियमवर घासून थोडा किस काढत होता. शेवटी उतारावर पाय मागे रोखले तेव्हा चाक तसंच फिरत राहिलं आणि पेडल मोकळी उलटी गेली. पुढचा ब्रेक होता म्हणून निभावलं.

कारण साधं आहे. ७० किलोचा माणूस १६५ मिमीच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पूर्ण वजन टाकतो तेव्हा क्रँकवर साधारण ११३ न्यूटन-मीटर पीळ येतो. ४६ दातांचं चेनव्हील (पुढचं चक्र) आणि १७ चा कॉग असेल तर कॉगवर त्यातला सुमारे ४२ पोहोचतो. पुढे मारताना तोच ४२ घट्ट करतो, मागे रोखताना तोच ४२ उलगडतो. हँडल खेचून उभ्याने चढ चढलात तर घट्ट होण्याची बाजू थोडी जड पडते, स्किड मारलीत (पाय रोखून मागचं चाक घसरवलंत) तर उलगडण्याची. म्हणजे नुसत्या आट्यांच्या भरवशावर राहणं ही बरोबरीची कुस्ती आहे. खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्स्डसाठीच बनवलेल्या हबवर, कॉगच्या बाहेर १.२९ इंचाचे दुसरे, उलटे आटे असतात आणि त्यावर लॉकरिंग बसते. कॉग उलगडायला गेला की तो लॉकरिंगला त्याच दिशेने ओढतो आणि उलट्या आट्यांमुळे लॉकरिंग आणखी आवळते. बॉटम ब्रॅकेटची रिंग सुलटी असल्याने कॉगबरोबर तीही सुटते. फिक्सीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर हे उलटे आटे. बाकी पार्ट हलके-भारी चालतात, इथे तडजोड चालत नाही.

आता लॉकरिंगवरून एक जुना वाद आहे, तोही इथेच मिटवतो. ‘चेन बॉटम ब्रॅकेटला गुंडाळून चाकाने कॉग पिळला की लॉकरिंग लागतच नाही’ असं छातीठोक सांगणारे लोक आहेत. आकडा त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. टायरच्या कडेला ३० किलोचा जोर लावला तर ३४ सेंटिमीटरच्या त्रिज्येवर जवळपास १०० न्यूटन-मीटर होतात, उलगडणाऱ्या ४२ च्या दुपटीहून जास्त. पण हा पहिल्या दिवसाचा आकडा. ॲल्युमिनियमचे आटे दाबाखाली बसतात, हादऱ्यांनी पकड कमी होते आणि ती किती उरली हे बाहेरून कळत नाही. शिवाय १०० चा पीळ स्वस्त हबच्या उथळ आट्यांवर दिला तर ते तिथेच सोलून निघतात. पद्धत कॉग बसवायला उत्तम आहे, लॉकरिंगला पर्याय म्हणून नाही. एक छोटी रिंग वाचवून यांना मिळवायचं काय असतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा हब घ्या तो एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हीलवाला. घेण्याआधी मागच्या ड्रॉपआऊटमधलं (फ्रेमच्या ज्या खाचांत एक्सल बसतो त्यांच्यामधलं) अंतर मोजा. ट्रॅक हब १२० मिमीचा असतो, तुमची दहा गिअरची फ्रेम बहुधा १२० किंवा १२६ ची निघेल. १२६ असेल तर एक्सलवर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर टाका. दोन्हीकडे सारखेच, म्हणजे चेनलाइन (चेन धावते ती रेषा) हलत नाही. फक्त नटाला पुरतील इतके आटे बाहेर उरतात ना ते बघा, नाहीतर लांब एक्सल लागेल. चाकं जुनी २७ इंची असतील आणि ७०० ची घालणार असाल तर रिम ४ मिमी खाली जाते, ब्रेकचे रबर तेवढे खाली येतात का हेही आधी तपासा.

कॉग स्टीलचाच, जाड खांद्याचा. पातळ पत्र्याचा कापलेला कॉग आट्यांवर दोनच वेढे धरतो. लॉकरिंग त्याच हबची घ्या, कारण काही इटालियन हबांवर तिचा व्यास वेगळा असतो. आवळून झाल्यावर ती कॉगच्या तोंडाला टेकली आहे की हबच्याच खांद्यावर अडली आहे, हे उजेडात धरून बघा. अडली असेल तर ती नुसती शोभेची.

चेन १/८ इंची घ्या. १/८ ची चेन ३/३२ च्या दातांवर चालते, उलट चालत नाही. चेनलाइन ४२ मिमीची धरा: पुढे सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दातांच्या मध्यापर्यंत, मागे हबच्या मध्यापासून कॉगच्या दातांपर्यंत. दोन्हीत एक मिमीचा फरक खपतो. तीन मिमी असेल तर चेन गुरगुरते, दात एका बाजूने झिजतात आणि खड्ड्यात चेन पडते. गिअरच्या सायकलीत चेन पडली की आपण थांबतो. इथे ती कॉग आणि आऱ्यांच्या मध्ये अडकून मागचं चाक जागच्या जागी जाम करते. पुढचा फरक बॉटम ब्रॅकेटच्या एक्सलची लांबी बदलून काढा. क्रँक १६५ मिमीची बरी, कारण वळणावर पेडल थांबवता येत नाही आणि लांब क्रँक जमिनीला घासते.

बसवताना हबचे आटे रॉकेल आणि ब्रशने साफ करा, ग्रीसचा पातळ हात द्या, कॉग हाताने फिरवा. पहिल्याच वेढ्याला अडला तर काढा, आटे चढलेत. नीट गेला की चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) आवळा. मग लॉकरिंग न लावता, पुढचा ब्रेक जोडून, एखादा चढ शे-दोनशे मीटर चढा. मागे अजिबात रोखायचं नाही. परत येऊन चेनव्हिप पुन्हा लावा, बहुतेक वेळा थोडा आणखी फिरतो. आता लॉकरिंग, घड्याळाच्या उलट दिशेने, हुक पान्याने. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ठोकू नका, खाचा एकदा गोल झाल्या की पुढच्या वेळी ती निघतही नाही. दहा किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून बघा.

रेशो: तुमच्या दोन्हींपैकी एकही नको. ४६/१६ म्हणजे २.८८, ४८/१७ म्हणजे २.८२, फरक नावापुरता आणि शहरातल्या सिग्नल-चढांसाठी दोन्ही जड. ४४/१७ घ्या. ७०० बाय २८ च्या टायरवर एका फेऱ्यात साडेपाच मीटर, मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ३०. गुडघे वाचतात आणि थांबवणंही हलकं जातं. स्किड मारणार असाल तर टायर किती जागी झिजेल हे अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की कळतं, खालचा आकडा म्हणजे तेवढ्या जागा. ४४/१७ ला १७. ४८/१६ म्हणजे ३/१, टायर एकाच जागी खरवडून महिन्याभरात दोरे दिसतील. तुमच्या ४६/१६ ला ८, पाय आलटून-पालटून वापरलेत तर १६.

देखभालीत नव्वद टक्के काम चेनच्या ताणाचं. क्रँक सावकाश फिरवा, चेन सगळ्यात ताठ होते ती जागा शोधा आणि तिथे, मधोमध, वर-खाली मिळून १० ते १२ मिमी हालचाल ठेवा. ताठ आणि ढिल्या जागेत फार फरक असेल तर चेनव्हील केंद्रातून सरकलेलं असतं. पाचही बोल्ट अर्धवट सैल करा, ताठ जागी चेनवर पान्याच्या दांड्याने हलके टिचके मारा, मग बोल्ट एकाआड एक आवळा. एक्सलचे नट १५ च्या पान्याने, ३० ते ४० न्यूटन-मीटर. टायर डाव्या चेनस्टेला (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या नळीला) घासायला लागला तर उजवा नट सरकला आहे. क्रँकचे बोल्ट ३५ ते ४५, आणि पहिल्या ८० किलोमीटरनंतर एकदा तपासा. सैल क्रँक चालवली तर चौकोनी भोक गोलसर होतं आणि ती क्रँक गेली.

तेल रोलरवर एकेक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरून कोरडं पुसा, पावसात भिजली की त्याच दिवशी. चेनची लांबी पट्टीने मोजा: २४ कड्या म्हणजे ३०४.८ मिमी. ३०८ च्या जवळ गेली की बदला, त्याबरोबर कॉगही बघा. आणि पुसताना चाक फिरवून चेनवर फडकं धरू नका. फिक्स्ड चेन अडकल्यावर थांबत नाही, चाकाचा पूर्ण वेग बोटाला कॉगवर नेतो. यात बोटं तुटली आहेत. क्रँक हाताने फिरवा, फडकं खालच्या चेनला, दोन्ही चक्रांपासून लांब.

पुढचा ब्रेक लावाच. ब्रेक मारताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. ताशी ३० वरून नुसत्या मागच्या चाकावर थांबायला साधारण १४ मीटर लागतात, पुढच्या ब्रेकने त्याच्या निम्मे. बिनब्रेकची सायकल वेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर) ठीक आहे, तिथे समोरून रिक्षा येत नाही.

एक राहिलं, आणि खरं तर आधी विचारायला हवं होतं: तुमच्या फ्रेमचे ड्रॉपआऊट आडवे आहेत ना? उभे असतील तर चाक मागे ओढून चेन ताणता येणार नाही, आणि सिंगल-स्पीडला (फ्रीव्हील असलेल्या एका गिअरच्या सायकलला) लावतात तो चेन ताणणारा स्प्रिंगचा टेन्शनर इथे लावूच नका. मागे रोखलं की चेनची खालची बाजू ताणली जाते आणि तो पहिल्याच झटक्यात वाकतो. तसं असेल तर हब घ्यायच्या आधी फ्रेम बदला.