सौद्याच्या दिवशी सर्व्हर अडकतो, एसएसडी घेऊ का?

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान, हळदीचे सौदे उरकले की सात-आठ जण एकदम पट्ट्या काढायला बसतात आणि सर्व्हर अडकतो, सीपीयू मात्र १५ टक्क्यांवर जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. उबंटू, ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे फिरणाऱ्या) दोन डिस्क, एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाचं रेड १, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच डेटा. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बहुधा लागेलच, पण पैसे मोजण्याआधी दुखणं कुठलं ते बघा.

ऐन गर्दीत व्हीएमस्टॅट ही मेमरीचा हिशेब दाखवणारी कमांड चालवा. एसआय, एसओ (स्वॅपमधून आत, स्वॅपकडे बाहेर) या रकान्यांत सतत आकडे पडत असतील तर रॅम अपुरी आहे, डिस्क बिचारी स्वॅपची, म्हणजे रॅममध्ये न मावलेला डेटा ने-आण करण्याची, हमाली करतेय. तिथे शून्य असेल तरच पुढे जा.

आता सिसस्टॅट पॅकेजमधलं आयओस्टॅट, म्हणजे डिस्कचं काम मोजणारी कमांड, एक्स पर्याय लावून, दर सेकंदाला चालवा. पहिला तक्ता सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. नंतरच्या तक्त्यांत सेकंदाला किती वाचनं-लेखनं होतात आणि अवेट (एका कामाला लागणारा सरासरी वेळ, मिलिसेकंदांत) किती, हे दोन्ही जोडीनं वाचा. अशा डिस्कला अर्धा फेरा फिरायला ४ मिलिसेकंद आणि हेड सरकायला ८-९ लागतात, म्हणून विखुरलेली कामं सेकंदाला साधारण ७५ ते १००च होतात. शंभराच्या आसपास कामं आणि अवेट ८० असेल तर डिस्क धडधाकट आहे, कामच झेपत नाही. कामं २० आणि अवेट तरी ८० असेल तर डिस्कवर संशय घ्या. एसडीए आणि एसडीबी या तुमच्या दोन डिस्क वेगवेगळ्या तपासा, कारण रेड १ मध्ये लेखन दोन्हींवर होतं आणि मंद डिस्क दुसरीलाही थांबवून ठेवते. रेडची स्थिती सांगणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये रीसिंक, म्हणजे दोन डिस्क पुन्हा जुळवून घेणं, चालू नाही ना, तेही बघून घ्या.

संशय आला की स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. १९७ क्रमांकाचा आकडा (वाचता न येणारे, संशयित सेक्टर) शून्याच्या वर असेल तर आधी बॅकअप, मग डिस्क बदला. १९९ (डेटा पोचताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

कुठला प्रोग्राम डिस्क वापरतोय ते दाखवणाऱ्या आयओटॉपमध्ये जेबीडी२ (फाइल सिस्टिमची नोंदवही लिहिणारी प्रक्रिया) सतत वर दिसत असेल तर बहुधा डेटाबेस प्रत्येक नोंदीला एफसिंक करतोय, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबतोय. मायएसक्यूएल असेल तर कुणीतरी कमिटच्या (नोंद पक्की करण्याच्या) वेळचं लॉग फ्लश हे सेटिंग १ वरून २ वर न्यायला सांगेल. वेग येतो खरा, पण वीज गेली की शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या पैशाच्या पट्ट्या आहेत, तिथे हात लावू नका.

एसएसडी घेताना वीज गेल्यावर डेटा राखणारे कपॅसिटर असलेली सर्व्हरचीच घ्या. लॅपटॉपची स्वस्त एसएसडी नेमकी एफसिंकलाच दमते.