‘ख’पासून नाव सुरू होणारे छोटे प्राणी कोणते? खार आणि खेकडा सोडून काही सुचत नाही.

तुमची गाडी जिथे अडली तिथेच माझीही अडली होती. भाचीशी अक्षरांचा खेळ खेळताना मी खार लिहिली, तिने खेकडा, आणि मग दोघंही पेन चावत बसलो. शेवटी मी ‘खाटीक’ लिहिलं, तर ती म्हणाली, "मामा, तो प्राणी नाही, माणूस आहे!" तो पक्षी आहे हे पटवायला मला फोटो शोधून दाखवावा लागला. त्या हट्टापायी पुढे जी शोधाशोध झाली ती इथे कामी येतेय.

आधी सरळ उत्तर. खार, खेकडा, खंड्या, खाटीक, खोकड, खवले मांजर, खापरखवल्या आणि खोडकिडा. बाराखडीतला कुठलाही ‘ख’ चालत असेल तर एवढे आठ जण पुरावेत.

आता माझा लाडका खाटीक. साधारण बुलबुलाएवढा पक्षी, डोळ्यांवरून चोराने बांधावी तशी काळी पट्टी आणि टोकाला वाकलेली चोच. टोळ, सरडे, उंदराची पिल्लं असं काय मिळेल ते मारतो आणि बाभळीसारख्या झाडाच्या काट्याला टोचून ठेवतो. नाव पडलं ते यावरून, दुकानात मांस टांगलेलं असतं ना, तसं. गंमत म्हणजे याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव ‘लेनियस’, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खाटीकच. दोन ठिकाणच्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकच शब्द वापरला. पण हे क्रौर्य नव्हे, अडचणीवरचा उपाय आहे. चोच शिकारी पक्ष्याची असली तरी पाय चिमणीच्या जातीचे. घारीसारखं भक्ष्य पंज्यात दाबून फाडता येत नाही, म्हणून काटाच हाताचं काम करतो. शिवाय उरलेलं नंतर खायला राहतं.

खापरखवल्या हे नाव ऐकून तुमच्या समोरचा नक्की हरकत घेईल, तेव्हा तयारीत राहा. हा बिनविषारी, छोटासा साप आहे आणि जवळजवळ सगळं आयुष्य मातीखाली काढतो. डोकं निमुळतं, जमिनीत घुसायला सोयीचं. शेपूट मात्र कुणीतरी तिरकी छाटून टाकल्यासारखी बोथट असते आणि तिच्या टोकावर खरखरीत खवल्यांची चकती असते. नाव त्या चकतीवरून. तिच्यावर माती चिकटून बसते, त्यामुळे मागून कुणी बिळात तोंड घातलं तर त्याच्या वाट्याला मातीचा बूच येतो. गांडुळं खातो, अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो, आणि हे सगळं कुळ जगात फक्त भारताच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत सापडतं. पावसाळ्यात माती भिजली की वर येतो आणि विषारी समजून नाहक मारला जातो. एका नावात दोन ‘ख’ आहेत, म्हणून आमच्या खेळात मी याचे दुप्पट गुण मागितले होते. मिळाले नाहीत.

खवले मांजर मांजर नाही, हे तुम्हाला कुणीही सांगेल. दात नाहीत, अंगभर खवले, लांब चिकट जीभ वारुळात घालून मुंग्या आणि वाळवी खायची, धोका दिसला की चेंडू व्हायचं. कशाच्या अंगाने हे मांजर? पण जरा थांबा. दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊ प्राण्यांशी याचं इतकं साम्य आहे की एकेकाळी शास्त्रज्ञांनीही त्यांना एकाच गटात बसवलं होतं. जनुकांचा अभ्यास झाल्यावर कळलं की याचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे मांसभक्षी गण, म्हणजेच कुत्रा, अस्वल आणि मांजर! ज्याने हे नाव ठेवलं तो नकळत खऱ्याच्या बराच जवळ पोचला होता. खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्या पदार्थाची बनतात त्याचेच. तरी त्यात औषध आहे या समजुतीपायी याची प्रचंड चोरटी शिकार होते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, आणि 2016 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. वजन 10 किलोच्या वर जाऊ शकतं, तेव्हा ‘छोटा’ म्हणायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी धरतो.

खोकड त्याहून हलकं, तीन-चार किलोचं. लांडगा-कोल्ह्यांच्याच घराण्यातला, गवताळ माळरानावर राहणारा प्राणी, शेपटीचा झुपका टोकाला काळा. किडे, उंदीर, सरडे, बोरं, काहीही खातो, आणि याच्या बिळाला बरीच तोंडं असतात. आपण मराठीत कोल्हा म्हणतो तो वेगळा, अंगाने मोठा. माझी एक जुनी कुरकुर आहे: द्राक्षं आंबट म्हणणारा मुळात खोकडाच्या जातीचा होता, मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला आणि बिचारं खोकड विसरलं गेलं. म्हणूनच ते कुणाला खेळात आठवत नाही.

खंड्याला सगळे मासेखाऊ समजतात, पण नेहमी दिसणारा पांढऱ्या गळ्याचा खंड्या पाण्यापासून लांब तारेवर बसून टोळ, सरडे, बेडूकही मटकावतो. घरटं झाडावर नसतं, मातीच्या उभ्या कडेत बोगदा खणून त्याच्या टोकाशी अंडी घालतो.

खोडकिडा शेतकऱ्याला सांगायला नको. भाताच्या खोडात शिरून आतला गाभा खाणारी ही अळी असते. रोप लहान असताना शिरली तर मधला पोंगा वाळतो, त्याला गाभेमर म्हणतात. लोंबी येताना शिरली तर दाणे भरतच नाहीत आणि लोंबी पांढरी उभी राहते, ती पळींज. मोठी झाली की याच अळीचा पतंग होतो. तिच्यावरचा एक उपाय तिच्याहूनही बारीक आहे. ट्रायकोग्रामा नावाची, लांबीला एक मिलिमीटरही न भरणारी गांधीलमाशीच्या नात्यातली माशी आपली अंडी खोडकिड्याच्या अंड्यात घालते. दुसऱ्या एका पतंगाच्या ज्या अंड्यांत तिची पिल्लं वाढत असतात, ती अंडी चिकटवलेली ट्रायकोकार्डं शेतात लावतात.

खार आणि खेकडा तुम्हाला माहीतच आहेत, तरी दोन गोष्टी. रामाने पाठीवरून बोटं फिरवली म्हणून खारीला तीन पट्टे आले असं आपण ऐकतो, पण भारतात पाच पट्ट्यांची खारही आहे, उत्तरेकडे तीच जास्त. आणि गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं मात्र आधी खेकड्यासारखी दिसतही नाहीत, पाण्यात तरंगत कात टाकत टाकत तो आकार घेतात.

कुणी ‘खेचर’ सुचवेल. ते ‘छोट्या’त बसत नाही, लिहू नका. आणि खाटीक लिहिलात तर शेजारी कंसात ‘पक्षी’ एवढं लिहून ठेवा.